दफ्तर लावायला शिकताना पगार मिळतो तेव्हा

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे सगळे ज्याला यूसीएलए म्हणतात तिथे, ग्रंथालयाच्या विशेष संग्रह विभागात 2004 सालापासून एक केंद्र आहे. नाव सेंटर फॉर प्रायमरी रिसर्च अँड ट्रेनिंग. निरनिराळ्या विभागांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्यांच्या अभ्यासाशी जुळणारा, अजून न लावलेला कागदपत्रांचा एखादा संग्रह तिथे सोपवतात, तो लावायला शिकवतात आणि या कामाचा पगार देतात. इतिहासात पीएचडी करताना मी तिथे काम केलं. आपल्याकडची मुलंमुली इतिहास, समाजशास्त्र, साहित्य शिकायला अमेरिकेत जातात तेव्हा त्यांना अध्यापन सहाय्यक आणि संशोधन सहाय्यक या दोनच नोकऱ्या ठाऊक असतात. ही तिसरी वाट मलाही अगदी योगायोगाने कळली. ती आतून कशी असते हे कुणी मराठीत सांगितलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझा विषय मुंबईच्या गिरणी कामगारांचा, त्यातही 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतरच्या वर्षांचा. अडीच लाखांच्या आसपास माणसं त्या संपात उतरली होती. त्यांच्या मागे राहिलेले कागद शोधत मी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसले होते, लालबाग-परळमधल्या युनियनच्या खोल्यांत बसले होते, आणि काही घरांत माळ्यावरून खाली काढलेल्या पत्र्याच्या पेट्यांपुढेही बसले होते. म्हणजे कागद वाचायची सवय होती. पण तो कागद माझ्यासमोर येण्याआधी त्याला कोणाचे हात लागले, कुणी ठरवलं की ही फाईल ठेवायची आणि ती नाही, यादीत तिचं नाव असंच का लिहिलं, याचा विचार मी कधी केला नव्हता. माझ्या ओळखीच्या बहुतेक इतिहास संशोधकांनीही केलेला नाही.

त्याआधी, एमए करताना, मुंबईतल्या एका संस्थेत मी विनावेतन काम केलं होतं. जुन्या पत्रव्यवहाराची यादी करायची होती. शिकवायला कुणाला वेळ नव्हता, कारण आम्ही फुकट होतो आणि फुकटच्या माणसांची संख्या भरपूर होती. डोंबिवलीहून येणारी माझी एक मैत्रीण महिन्याभरात सोडून गेली, कारण तिला शिकवण्या घेऊन घरी पैसे द्यायचे होते. तिचं मोडीचं वाचन आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं. जिला ते काम सर्वांत उत्तम जमलं असतं तीच पहिली बाहेर पडली. त्यामुळे यूसीएलएच्या जाहिरातीत ‘पगारी’ हा शब्द वाचला तेव्हा मला प्रथम ती आठवली.

अर्जात मोठं काही नव्हतं. स्वतःबद्दलचं टिपण, शिक्षणाची माहिती, कोणकोणत्या भाषा वाचता येतात, आणि मार्गदर्शकांची संमती. मुलाखतीत मात्र प्रश्न नेमके होते. तुम्ही वापरलेल्या एखाद्या अभिलेखागारात शोध घेणं कशामुळे अवघड गेलं? एखाद्या कुटुंबाने दिलेल्या कागदांत त्याच कुटुंबाला न आवडणारं काही सापडलं तर काय कराल? दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आपल्या घरांत अशा वेळी काय होतं ते मी सांगितलं: बंबात जातं. समोरची आर्किव्हिस्ट, म्हणजे अभिलेखपाल, म्हणाली, सगळीकडेच जातं, आणि मग आम्ही बराच वेळ त्यावरच बोललो.

निवड झाल्यावरचा कागदी भाग थोडक्यात सांगते, कारण आपल्या मुलांना तो लागतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्याला विद्यापीठाच्या आवारातली नोकरी करता येते, पण सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर नाही, आणि ही मर्यादा आवारातल्या सगळ्या नोकऱ्या मिळून असते. म्हणजे अध्यापन सहाय्यकाचं काम आधीच असेल तर दोन्हीचे तास जोडून पाहावे लागतात. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक, नसेल तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचं पत्र आणि नेमणुकीचं पत्र घेऊन तो काढावा लागतो. याला वेळ लागतो, म्हणून नेमणूक पक्की झाली की त्याच आठवड्यात मागे लागावं. पगार तासावर आणि दर दोन आठवड्यांनी. लॉस एंजेलिसच्या भाड्यापुढे तो मोठा नव्हता, पण वाणसामान, बसचा पास आणि घरी फोन एवढं त्यातून सुटायचं. बाबांना मी फोनवर कामाचं स्वरूप सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे कारकुनी ना गं?” मी म्हटलं, हो बाबा, पण ही कारकुनी नीट झाली नाही तर इतिहासच लिहिता येणार नाही. ते स्वतः आयुष्यभर एका सरकारी कचेरीत फायली लावत आले होते. ते म्हणाले, “हे आम्हाला कुणी सांगितलं नाही बघ.”

विशेष संग्रह विभाग चार्ल्स ई. यंग रिसर्च लायब्ररीच्या जमिनीखालच्या मजल्यावर आहे. पहिले काही आठवडे मी फक्त शिकत होते, आणि या तासांचेही पैसे मिळत होते. हे मला आजही फार महत्त्वाचं वाटतं. शिकण्याचा वेळ हा कामाचाच वेळ आहे असं त्या पगाराच्या पावतीवर लिहिलेलं होतं. मन लावून शिकले, शंका विचारल्या, काम रेंगाळतंय म्हणून अपराधी वाटलं नाही.

शिकवलेल्यातल्या बऱ्याच गोष्टी अगदी साध्या होत्या. टेबलावर पेन नाही, शिसपेन्सिल. कागदाला हातमोजे नकोत, हात धुऊन कोरडे केलेले बरे, कारण मोज्याने बोटांची जाण जाते आणि कागद फाटतो. फोटो आणि निगेटिव्हला मात्र मोजे हवेत. वर्तमानपत्राचा कागद स्वतः पिवळा पडतोच आणि शेजारच्या कागदालाही डाग देतो, म्हणून तो वेगळा करायचा. फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्मचं ॲसिटेट प्लास्टिक विघटित होऊ लागलंय असं समजायचं आणि डबा तसाच बंद करून वरिष्ठांना सांगायचं. फ्लॉपी आपल्या संगणकात घालायची नाही, ती डिजिटल अभिलेखांच्या माणसाकडे जाते. वाचताना संगणकाकडून तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाऊ नये म्हणून त्याच्याकडे वेगळं उपकरण असतं.

खरा गाभा होता दोन तत्त्वांचा. एकाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत. आणि कागद निर्माण करणाऱ्याने ज्या क्रमाने ते ठेवले तो क्रम, शक्य असेल तिथवर, मोडायचा नाही. म्युलर, फाइथ आणि फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांनी 1898 साली ही तत्त्वं नियमावलीच्या रूपात मांडली. हे साल ऐकून मी थबकले. त्याच 1898 साली इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. तिकडे नेदरलँड्समध्ये दफ्तराचा मूळ क्रम कसा राखायचा याचे नियम छापले जात होते आणि आपल्याकडे राजवाडे वाड्यावाड्यांतून कागद वाचवत फिरत होते. त्यांना घाई होती, कारण कागद वाळवीच्या तोंडी जात होते. म्हणून आपली परंपरा घडली ती निवडून छापण्याची. पुढे 1930 ते 1934 मध्ये इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून 45 खंड काढले, तेही निवडीचंच काम. या माणसांनी केलं नसतं तर आपल्या हाती काय राहिलं असतं याची कल्पनाही करवत नाही. पण निवडलेला कागद कुठल्या रुमालातून, म्हणजे दफ्तर बांधायच्या कापडातून, आला, त्याच्या आजूबाजूला काय बांधलेलं होतं, हा प्रश्न आपण इतिहासाच्या वर्गात क्वचितच विचारतो. तो विचारायला मी सातासमुद्रापार शिकले.

मला मिळालेला संग्रह लॉस एंजेलिसच्या सफाई कामगारांच्या चळवळीतल्या एका कार्यकर्तीचा होता. तिचं नाव मी इथे घेत नाही, कारण तिच्या कागदांत इतर अनेकांची आयुष्यं आहेत. साठेक खोकी. पार्श्वभूमी थोडी सांगायला हवी. 1980च्या दशकात त्या शहरातल्या उंच कार्यालयीन इमारतींच्या मालकांनी सफाईचं काम कंत्राटदारांकडे देऊन टाकलं. युनियनवाल्या जुन्या कामगारांची जागा मेक्सिको, एल साल्वादोर, ग्वातेमालाहून आलेल्या, रात्रपाळीत कमी पैशांवर राबणाऱ्या बायकापुरुषांनी घेतली. ‘जस्टिस फॉर जॅनिटर्स’ ही मोहीम त्यांना संघटित करायला उभी राहिली. 15 जून 1990 ला सेंच्युरी सिटीत शांतपणे निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर लवकरच तिथल्या बड्या कंत्राटदाराने युनियनशी करार केला. सेंच्युरी सिटी विद्यापीठापासून बसने फार लांब नाही. कंत्राट पद्धत, मालक हात झटकून मोकळा, रात्रपाळी, गावाहून आलेली माणसं: गिरणगावातून आलेल्या मला यातलं काहीच परकं नव्हतं. भाषा तेवढी परकी होती. स्पॅनिश मी संशोधनाच्या गरजेपुरती शिकत होते, अडेल तिथे विभागातल्या एका सहकाऱ्याला विचारायचे.

पहिलं काम पाहणीचं. खोकं उघडायचं, काहीही न हलवता आत काय आहे ते टिपायचं: पत्रं, पत्रकं, फोटो, व्हिडिओ कॅसेट, टी-शर्ट, बिल्ले, मोर्चातला पुठ्ठ्याचा फलक. कुठे ओल आहे का, कीड आहे का. सगळी खोकी झाल्यावर योजना लिहायची की हा संग्रह किती भागांत लावायचा, किती तपशिलात, किती वेळात. ही योजना वरिष्ठ तपासतात आणि मगच हात लावायचा.

योजना लिहिताना माझं डोकं सरधोपट चाललं होतं. पत्रव्यवहार एकीकडे, पत्रकं एकीकडे, फोटो एकीकडे. पण खोक्यांतून पुन्हा फिरताना दिसलं की तिने कागद इमारतींप्रमाणे लावलेत. एका इमारतीची एक जाड फाईल. आत त्या इमारतीत कोण कुठल्या मजल्यावर झाडतं त्याचा हाताने काढलेला तक्ता, कंत्राटदाराचं पत्र, पाळी सुटण्याची वेळ, कुठला पहारेकरी बोलू देतो, कुणाच्या घरी बैठक झाली, आणि मग त्या इमारतीपुढे वाटलेलं पत्रक. मी हे सगळं प्रकारवार वेगळं केलं असतं तर पत्रकांचा छान गठ्ठा झाला असता आणि चळवळ कशी बांधली जात होती हे कायमचं पुसलं गेलं असतं. तिची रचना हाच तिचा सर्वांत मोठा पुरावा होता. 1928 साली गिरणी कामगार युनियन उभी राहिली ती गिरणीगणिक समित्यांवर, हे मी कितीदा लिहिलं आहे. लॉस एंजेलिसच्या या फायलींनी मला त्या वाक्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ दाखवला. एका गिरणीची एक फाईल, तिच्यात खात्याखात्यातली माणसं, हे आपल्याकडेही कुणीतरी कुठल्यातरी कपाटात ठेवलं असणार. आपण ते वाचताना विस्कटलं असेल तर?

वेळेचा प्रश्न मला सगळ्यात जड गेला. मार्क ग्रीन आणि डेनिस माइस्नर यांचा 2005चा एक लेख या क्षेत्रात सगळ्यांना वाचायला देतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक टाचणी काढत आणि प्रत्येक चिठ्ठी वाचत बसल्यामुळे ग्रंथालयांत न लावलेल्या खोक्यांचे ढीग साठले आहेत, ते कुणालाच वापरता येत नाहीत, तेव्हा घनफुटाला सरासरी चारेक तास एवढ्यात काम व्हायला हवं, टाचण्या गंजल्या नसतील तर राहू द्या, आधी वाचकाला दार उघडा. संशोधक म्हणून मला प्रत्येक पत्र वाचायचं होतं. आर्किव्हिस्ट म्हणून मला एवढंच कळायला हवं होतं की या फाईलमध्ये काय आहे हे दुसऱ्याला कसं सांगायचं. वरिष्ठ आर्किव्हिस्टने शांतपणे समजावलं, की तू एका प्रश्नाचं उत्तर शोधत वाचतेस, पण हे कागद तुला न सुचलेल्या प्रश्नांसाठी ठेवायचे आहेत. हे पटायला मला पूर्ण एक सत्र लागलं. आज मी त्या लेखाशी बरीचशी सहमत आहे, पूर्ण नाही. लॉस एंजेलिसची हवा कोरडी आहे, तिथल्या टाचण्या तीस वर्षांनीही चकचकीत निघतात. मुंबईत दोन पावसाळ्यांत टाचणीचा गंज कागदाच्या आरपार जातो. तिथला नियम इथे जसाच्या तसा आणला तर कागदाला भोकं पडतील.

आणि वेग धरलाच पाहिजे असं कितीही म्हटलं तरी काही फायलींपुढे थांबावंच लागतं. सभासदांच्या याद्यांत सोशल सिक्युरिटी नंबर होते. अटक झालेल्यांची नावं होती. 1986च्या कायद्याने अमेरिकेत विनापरवाना राहणाऱ्या सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला, त्या अर्जांसाठी मदत मागणारी पत्रं होती: मी कधी आले, सीमा कुठून ओलांडली, कुणाकडे राहिले. काहींनी दुसऱ्याच नावाने नोकरी धरली होती हेही त्यात लिहिलेलं. ही माणसं आज साठी-सत्तरीची असतील, त्यांची मुलंबाळं त्याच शहरात असतील. इतिहासकाराला याहून मोलाचं काय मिळणार? आणि हेच कागद उघडे ठेवले तर कुणाच्या दारात पोलीस उभे राहतील हे सांगता येत नाही.

यावर आमच्या बैठका झाल्या. देणगीच्या करारात काय लिहिलंय ते पाहिलं. नंबर असलेली पानं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, मूळ जागी त्याची नोंद केली, त्या फोल्डरवर ठरावीक वर्षांचं बंधन घातलं. पत्रांबद्दल चर्चा अधिक लांबली. मी मांडलं की पत्रं नष्ट करू नयेत आणि आत्ता उघडूही नयेत, पण ती आहेत हे मात्र वाचकांसाठीच्या संग्रहाच्या सूचीत स्पष्ट लिहावं. काहींचं मत होतं की आहेत एवढं सांगणंही धोक्याचं. शेवटी त्यांचं अस्तित्व सर्वसाधारण शब्दांत नोंदवलं, नावं आणि गावं गाळली. निर्णय वरिष्ठांचा होता, पण माझं मत विचारलं गेलं, ते लिहून घेतलं गेलं. विनावेतन प्रशिक्षणार्थीला अशा बैठकीत कुणी बसवत नाही.

शब्दांची निवड हाही त्याच प्रश्नाचा भाग निघाला. सूचीला विषय-शीर्षकं द्यावी लागतात आणि ती काँग्रेस ग्रंथालयाच्या, म्हणजे अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या, प्रमाण यादीतून घेतात. त्या यादीत विनापरवाना राहणाऱ्या माणसांसाठी अनेक दशकं ‘इल्लीगल एलियन्स’, म्हणजे बेकायदा परके, असं शीर्षक होतं. 2014 मध्ये डार्टमाउथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. 2016 मध्ये काँग्रेस ग्रंथालयाने बदल जाहीर केला, तर अमेरिकी संसदेतल्या काही सदस्यांनी तो रोखून धरला. अखेर 2021 च्या नोव्हेंबरात नवी शीर्षकं ठरली. ग्रंथालयाच्या सूचीतला एक शब्दप्रयोग संसदेपर्यंत गेला आणि त्याची सुरुवात विद्यार्थ्यांनी केली, हे वाचून मला खूप बळ आलं. मला दिलेल्या फोटोंच्या पाकिटांवर कुणीतरी पूर्वी ‘अनोळखी स्त्रिया, मोर्चा’ असं लिहून ठेवलं होतं. कार्यकर्तीच्या वह्यांत मोर्च्यांच्या तारखा आणि आलेल्या बायकांची नावं होती. तारीख जुळेल तिथे मी नावं लावत गेले, आणि ज्यांचं नाव देणं सुरक्षित नाही असं वाटलं त्यांच्यापाशी थांबले. काहींची नुसती पहिली नावं दिली. तेवढ्यानेही फोटो वाचायची पद्धत बदलते.

आपल्याकडच्या पुराभिलेख याद्या आठवून पाहा. ‘गिरण्यांतील अशांतता’, ‘जमावाने दंगा केला’. ज्याने दफ्तर लावलं त्याची नजर नोंदीत उतरते. पोलीस खात्याच्या फाईलचं शीर्षक पोलीस खात्याचं असतं आणि ते जपायलाच हवं, पण त्याखाली वर्णन लिहिताना आजचा अभिलेखपाल चार शब्द स्वतःचे लिहू शकतो. त्या चार शब्दांसाठी प्रशिक्षण लागतं. भारतात राष्ट्रीय अभिलेखागाराची दिल्लीतली अभिलेख शिक्षण संस्था एक वर्षाची पदविका देते, तिथून चांगली माणसं तयार होतात. पण इतिहासात एमए-पीएचडी करणाऱ्याला अभ्यास चालू असताना, आपल्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात, आठवड्याचे काही तास पगारावर हे शिकता यावं अशी सोय मी महाराष्ट्रातल्या माझ्या ओळखीच्या कुठल्याही विद्यापीठात पाहिली नाही. ग्रंथालयांच्या तळघरांत गठ्ठे आहेत, विद्यार्थ्यांना पैशांची गरज आहे, प्राध्यापकांना शिकवायला साधनं हवी आहेत. हे तीन धागे एकत्र बांधायला फार मोठी इमारत लागत नाही.

शेवटचा टप्पा सूचीचा. संग्रह कुणाचा, किती, कुठून आला, कसा लावला, कशावर बंधन आहे, त्या व्यक्तीचं थोडक्यात चरित्र, आणि मग खोकं-फोल्डरवार यादी. अमेरिकेत यासाठी ‘डॅक्स’ नावाची वर्णनाची नियमावली वापरतात आणि ‘आर्काइव्हजस्पेस’ नावाच्या प्रणालीत माहिती भरतात. तयार सूची ऑनलाइन आर्काइव्ह ऑफ कॅलिफोर्नियावर चढते, जिथे त्या राज्यातल्या अनेक संस्थांच्या सूची एकत्र शोधता येतात. चरित्र लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पीएचडीच्या प्रकरणात मी वीस पानं लिहिली असती. इथे पाऊण पानात, विशेषणं न वापरता, वाचकाला हवं तेवढंच. इतकं घट्ट लिहायला मला कुठल्याही वर्गात शिकवलं नव्हतं. ‘कुणी लावला’ या रकान्यात माझं नाव आलं. आई-बाबांना मी त्याचा दुवा पाठवला. बाबांनी खोकंवार यादी पूर्ण वाचली आणि फोन करून विचारलं की 1990च्या जूनच्या फायली दोन ठिकाणी का आहेत. मूळ क्रम तसाच होता हे सांगितल्यावर म्हणाले, “मग शेरा हवा होता.” शेरा होता, पुढच्या पानावर. तो त्यांनी वाचला आणि समाधान झालं.

अशी संधी शोधणाऱ्यांना काही सांगायचं आहे. जाहिरात बहुधा इतिहास विभागाच्या फलकावर येत नाही, ग्रंथालयाच्या विशेष संग्रह विभागाकडे थेट चौकशी करावी लागते. प्रवेश मिळाल्यावर पहिल्या सत्रातच तिथल्या आर्किव्हिस्टला भेटून आपली भाषा आणि विषय सांगून ठेवा. मराठी, मोडी, कोकणी, उर्दू वाचणाऱ्यांची त्यांना कधी गरज पडेल सांगता येत नाही, आणि त्यांना आपण माहीत असायला हवं. मुलाखतीत तीन गोष्टी स्पष्ट विचारा: शिकण्याच्या तासांचे पैसे मिळतात का, सूचीवर नाव येतं का, आणि काम पूर्ण न झाल्यास पुढच्या सत्रात नेमणूक वाढते का. आपल्याकडे पैशांचं विचारायला संकोच वाटतो. इथे तो बाजूला ठेवावा, समोरच्यांना असे प्रश्न अपेक्षितच असतात.

पीएचडीचं क्षेत्रकाम करायला मी मुंबईला परतले तेव्हा गिरणगावातल्या एका जुन्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांना विचारलं, की तुमच्या कपाटांची नुसती पाहणी करू का, काही न हलवता. ते आधी हसले, मग हो म्हणाले. एका छोट्या संशोधन निधीचा अर्ज केला आणि त्यात पहिली रक्कम लिहिली ती एमएच्या दोन विद्यार्थ्यांच्या मानधनाची, प्रशिक्षणाच्या दिवसांसकट. निधी देणाऱ्यांनी विचारलं, विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून येणार नाहीत का? मी लिहिलं, येतील, पण मग ज्यांना परवडतं तेच येतील. रक्कम मंजूर झाली.

दोघंही आता पाहणी करताहेत. एक मुलगा डिलाईल रोडचा, आजोबा तिथल्याच गिरणीत साचे खात्यात होते. एक मुलगी बदलापूरहून येते. कागद जपणारी अल्कलीयुक्त पुठ्ठ्याची खोकी महाग पडतात, म्हणून तोवर कागद धुतलेल्या जाड सुती कापडात बांधून ठेवतोय. आपल्या जुन्या दफ्तरांचे रुमाल याच कामाचे होते आणि या हवेत ते चांगले टिकतात. गंजलेल्या टाचण्या आम्ही काढतो, सगळ्या. कपाटं गिरणीवार लावलेली आहेत हे त्या मुलीला दुसऱ्याच आठवड्यात दिसलं, मी सांगण्याआधी. संपाच्या काळातल्या धान्यवाटपाच्या याद्या सापडल्या आहेत, कुटुंबांच्या नावांनिशी, आणि कुणी कर्ज काढलं त्याच्या चिठ्ठ्याही. त्यातली पुष्कळ कुटुंबं अजून आसपासच्या चाळींत किंवा नव्या टॉवरांत राहतात. याद्या कुणाला दाखवायच्या, कधीपासून, आणि त्या कुटुंबांना आधी विचारायचं का, हे युनियनच्या समितीपुढे ठेवलं आहे. बैठक पुढच्या महिन्यात आहे आणि दोघा विद्यार्थ्यांना तिथे बोलायला बोलावलं आहे, त्या दिवसाच्या मानधनासह.